एस.टी.चे सहा पाय

मुलांनो, यवतमाळच्या किंवा आपल्या गावच्या बसस्टँडवर एस.टी.ची वाट बघत असाल, तेव्हा तिची चाकं मोजा बरं! पुढे दोन. मागेही दोनच? छे! मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं असतात. म्हणजे झाली सहा.

मागे जास्त ओझं असतं, म्हणून ही जोडी. जोडीतले दोन्ही टायर सारख्या उंचीचे लागतात. एक नवा नि एक झिजका लावला, तर सगळा भार उंच टायरवर येतो. बैलांची जोडी जुंपताना कास्तकार असाच विचार करतात ना?

आतला टायर सहज दिसत नाही. म्हणून काही ड्रायव्हरकाका निघण्यापूर्वी लोखंडी दांड्यानं टायर ठोकून बघतात. हवा पुरेशी असेल तर आवाज खणखणीत येतो आणि दांडा उसळतो. हवा कमी असेल तर नुसतंच ‘थप्’!

टायर बदलतानाही डोकं चालवावं लागतं. चांगले टायर पुढे लावतात. मागचा एक फुटला तर शेजारचा गाडी सावरून धरतो. पुढचा फुटला तर मात्र स्टिअरिंग एका बाजूला ओढलं जातं. झिजलेला टायर लगेच भंगारात जात नाही. आतला सांगाडा धड असेल, तर वरचा थर घासून काढतात, नव्या रबराचा पट्टा बसवतात आणि दाब व उष्णता देऊन तो पक्का करतात. असे टायर बहुधा मागे लावतात.

पूर्वी बंडीच्या चाकालाही ‘टायर’ असायचा, पण लोखंडाचा! त्याला धाव म्हणत. धाव चाकापेक्षा किंचित लहान करत. गोवऱ्यांच्या जाळात लाल झाली की ती फुगे, मग लाकडी चाकावर बसवून वर पाणी ओतायचं. चर्रर्र! थंड होताना ती आकसे आणि चाक घट्ट आवळून धरी. हवा भरलेला टायर डनलॉप यांनी १८८८ साली आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी केला.

आता एक महत्त्वाची गोष्ट. टायर फक्त चालून खराब होतो, असं वाटतं ना? तो नुसता उभा राहूनही म्हातारा होतो! कापसाची ट्रॉली बघा. हंगामात जिनिंगच्या चकरा मारते आणि पुढं कितीतरी महिने अंगणात उभी. वरून आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन. टायरच्या रबरात एक संरक्षक मेण असतं. चाक फिरताना टायर दबतो-सुटतो, तेव्हा ते मेण हळूहळू वर येतं. उभ्या चाकात हे नीट होत नाही. ऊन नि हवा रबर कडक करतात, भेगा पडतात. नक्षी नव्यासारखी दिसते, पण गच्च भरलेल्या ट्रॉलीखाली असा टायर फुटू शकतो. अशा ट्रॉलीवर बसून जायचा हट्ट कधीही करू नका.

मोठ्या चाकात हवा भरताना जवळ उभं राहून गंमत बघायची नाही. काही चाकांची लोखंडी कडी निसटून गोळीसारखी उडते. जुन्या टायरमध्ये पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचे डास तिथंच वाढतात. शेकोटीत टायर जाळू नका, तो धूर विषारी असतो.

करून पाहा : गाडी बंद असताना, मोठ्यांना सोबत घेऊन टायरच्या बाजूवर चार आकडे शोधा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मग पट्टीनं खाचेची खोली मोजा. मोटारगाडीसाठी ती १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नको, कारण ओल्या रस्त्यावरचं पाणी या खाचांतूनच बाहेर ढकललं जातं.

आणि हे तुम्हीच सांगा : टायरवर ५२२३ आहे. तो वर्षाच्या सुरुवातीचा की शेवटचा? आणि आज त्याचं वय किती?