शाबूत फ्यूज आणि वितळलेली पेटी

आमच्या ह्या सदराच्या नित्य वाचकांस विदित आहेच की, घरातील जुन्या वस्तूंची निगा हा आमच्या आवडीचा विषय आहे. घड्याळे, तांब्यापितळेची भांडी, पोथ्यांचे दप्तर इत्यादिकांविषयी आम्ही येथे पूर्वी लिहिले आहे. आज मोटारगाडीविषयी लिहावयाचे योजिले आहे. संस्कृताच्या मास्तराने विजेच्या यंत्राविषयी लिहावे हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु जो प्रसंग आम्हांवर गुदरला तो वाचकांपैकी कोणावरही न गुदरो, एवढ्याच हेतूने हे धाडस करीत आहो.

आमच्या घरी एक प्रीमियर पद्मिनी आहे. शेठ वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात मूळच्या इटालियन फियाट ११०० च्या घाटणीवर ह्या गाड्या तयार होत. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी म्हणून त्या ज्यांनी पाहिल्या नाहीत असा मराठी मनुष्य विरळा. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. आता ज्या उरल्या आहेत त्या आमच्यासारख्यांच्या घरी, वाडवडिलांची आठवण म्हणून. आमच्या तीर्थरूपांनी ही गाडी आपल्या निवृत्तीच्या पैशांतून घेतली होती. तेव्हा ती मोडीत काढण्याचा विचार आमच्या मनास कधी शिवला नाही.

गेल्या वैशाखात एका लग्नकार्यास्तव आम्ही सहकुटुंब पुण्याहून वाईस निघालो. बरोबर सौभाग्यवती, सूनबाई व पाच वर्षांचा नातू. निघण्यास उशीर झाला, आणि खंबाटकीचा घाट चढू लागलो तेव्हा चांगलाच अंधार पडला होता. एका वळणावर गाडीत जळका, उग्र वास सुटला. दिवे मिणमिणले, आणि दुसऱ्याच क्षणी दोन्ही दिवे गेले. पुढे काळोख, मागे मालट्रकांची रांग! ईश्वरकृपेने डाव्या बाजूस थोडी मोकळी जागा होती. तेथे गाडी कशीबशी उभी केली, सर्वांस खाली उतरविले आणि बॅटरीची तार सोडविली. विजेरीच्या उजेडात फ्यूजपेटी उघडून पाहतो तो काय, पेटीचे काळे प्लास्टिक मेणासारखे वितळून ओघळले होते. आणि त्या ओघळात रुतून बसलेला फ्यूज मात्र जसाच्या तसा शाबूत!

येथे आम्हांस एक गोष्ट कबूल केली पाहिजे. "अहो, दिवे लावले की ह्या झाकणाखालून कढत वास येतो," असे सौभाग्यवतींनी आम्हांस महिनाभर आधी दोनदा सांगितले होते. आम्ही दोन्ही वेळा पेटी उघडली, फ्यूज पाहिला आणि "फ्यूज शाबूत आहे, म्हणजे दोष नाही," असा निर्णय देऊन मोकळे झालो. धुरावरून अग्नीचे अनुमान कसे करावे हे आम्ही आयुष्यभर मुलांना शिकविले; आणि प्रत्यक्ष घरात वास सुटला असता आम्हीच हेत्वाभासाच्या खड्ड्यात पडलो.

गाडी पुण्यास ओढून आणल्यावर आमचे एक जुने विद्यार्थी ती पाहावयास आले. मोटारींच्या विजेची कामे करण्यात त्यांचा हातखंडा आहे. शाळेत असता शब्दरूपे पाठ नाहीत म्हणून आम्ही ह्यांस कितीदा बाकावर उभे केले असेल, त्याची गणती नाही. त्यांनी त्याचा उच्चार न करता आम्हांस जमिनीवर बसवून घेतले आणि म्हणाले, "गुरुजी, फ्यूज गाडी सांभाळत नाही, फ्यूज फक्त तार सांभाळतो. तारेतून नेमापेक्षा जास्त प्रवाह गेला तरच तो तुटतो. प्रवाह नेमातच असला आणि सांधा ढिला असला, तर सांधा जळेल, पेटी जळेल, पण फ्यूजला त्याची दाद लागणार नाही."

हे सूत्र सुज्ञ वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे, म्हणून त्याचे थोडे विवरण करतो. जुन्या गाड्यांतील फ्यूज दोन पितळी चिमट्यांत दाबून बसविलेला असतो. चिमट्याची पकड घट्ट व पृष्ठभाग स्वच्छ असेल तर तेथे विजेस रोध जवळजवळ होतच नाही. परंतु वर्षानुवर्षांच्या दमट हवेने तेथे हिरवट-काळा थर चढतो. त्यामुळे रोध वाढतो, रोधामुळे उष्णता उत्पन्न होते, उष्णतेने पितळाचा लवचीकपणा जाऊन पकड ढिली पडते, आणि ढिल्या पकडीमुळे रोध आणखी वाढतो. असे हे दुष्टचक्र आहे. शिवाय ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट.

आता आमच्या गाडीचा हिशेब पाहा. उजेड अधिक पडावा म्हणून आम्ही एका कारागिराकडून ६०/५५ वॉटच्या हॅलोजनऐवजी १००/९० वॉटचे दिवे बसवून घेतले होते. ९० वॉटचे दोन दिवे म्हणजे १८० वॉट. १२ व्होल्टांनी भागता १५ अँपिअर. त्या कारागिराने हा सगळा भार जुन्याच तारांतून एका फ्यूजवर आणिला, आणि ८ अँपिअरचा फ्यूज तुटू लागला म्हणून तेथे २५ चा घातला. झीज झालेल्या चिमट्यात केवळ ०.८ व्होल्टाचा ऱ्हास होत असला, तरी १५ अँपिअरला १२ वॉट उष्णता झाली. लहानशा सोल्डरिंग आयर्नच्या निम्मी उष्णता नखाएवढ्या जागी तासन्‌तास! मग प्लास्टिक वितळले ह्यात नवल ते काय? दोष कारागिराचा खरा. परंतु अधिक उजेडाचा लोभ आमचाच.

आता उपाय सांगतो. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी ते पावसाळ्यापूर्वी अवश्य करावेत.

पहिला उपाय परीक्षेचा. दिवे लावून दहा मिनिटांनी पेटीजवळ सावधपणे हात न्यावा. किंचित कोमट लागल्यास हरकत नाही. चटका बसत असेल तर दोष आहे असे समजावे. मल्टिमीटर असल्यास अधिक उत्तम. दिवे चालू ठेवून फ्यूजकडे येणाऱ्या व फ्यूजपासून जाणाऱ्या तारेच्या टोकांस त्याच्या सुया लावाव्यात. आकडा ०.१ ते ०.२ व्होल्टाच्या आत असावा. अर्ध्या व्होल्टावर गेला तर ती पेटी आजच दुरुस्तीस काढावी.

दुसरा स्वच्छतेचा. प्रथम बॅटरीची तार सोडवावी. मग फ्यूज काढून चिमटे अगदी बारीक पॉलिश कागदाने पुसावेत; लोखंडी काथ्याने घासू नये, कारण त्याचे तंतू आत राहून शॉर्ट होतो. चिमटे पकडीने हलकेच आत वळवावेत. जे एकदा तापून मऊ पडले ते पुन्हा घट्ट राहत नाहीत, ते बदलावेत. पेटीच्या मागील बाजूचे रिव्हेट व तारांची टोके ह्यांकडेही पाहावे. दोष पुष्कळदा पुढे दिसतो व असतो मागे. शेवटी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा, म्हणजे दमट हवा शिरत नाही.

तिसरा फ्यूजच्या निवडीचा. युरोपीय पद्धतीच्या दोन्ही टोकांस निमुळत्या फ्यूजांत पिवळा ५, पांढरा ८, तांबडा १६ आणि निळा २५ अँपिअरचा असतो. प्लास्टिकच्या अंगाचे न घेता चिनी मातीचे घ्यावेत, आणि पट्टी ॲल्युमिनियमची नसून तांब्याची असावी. ॲम्बॅसडरसारख्या इंग्रजी घाटणीच्या गाड्यांत काचेचे फ्यूज असतात. जुन्या ल्यूकस पद्धतीच्या फ्यूजवरील ३५ हा आकडा तो तुटण्याचा आहे. अखंड वाहण्याजोगा प्रवाह त्याच्या सुमारे निम्मा, म्हणजे १७ अँपिअर. अन्य पद्धतींत फ्यूजवर अखंड प्रवाहाचाच आकडा छापतात. तेव्हा ३५ च्या जागी आकडा जुळला म्हणून दुसऱ्या पद्धतीचा ३५ घातला, तर तार जळेल तरी फ्यूज तुटणार नाही. आणि चॉकलेटच्या वेष्टनातील चांदी गुंडाळून काम भागविणे म्हणजे पहारेकऱ्यास निजवून दार उघडे टाकण्यासारखेच आहे.

चौथा उपाय भार हलका करण्याचा. दिव्यांस रिले बसवावेत. मग जुन्या बटणातून व जुन्या पेटीतून फक्त रिलेपुरता, पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह जातो; दिव्यांचा मुख्य प्रवाह बॅटरीपासून २ चौरस मिलिमीटरच्या नव्या तारेने परस्पर जातो. ह्या तारेस बॅटरीजवळच फ्यूज हवा, आणि पुढे डाव्या-उजव्या दिव्यास वेगवेगळा, म्हणजे एक गेला तरी दुसरा दिवा वाट दाखवील. दिवे ६०/५५ चेच ठेवावेत. जुन्या तारांतील ऱ्हास थांबला की त्यांचाच उजेड किती वाढतो, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

शेवटी, गाडीत कोरड्या पावडरीचे एक लहान अग्निशामक नळकांडे हाताशी असावे, आणि बॅटरीची तार चटकन सोडविता येईल अशी व्यवस्था असावी. त्या रात्री आमच्याजवळ पहिले नव्हते. दुसरे होते म्हणून निभावले.

ही सारी दुरुस्ती आमच्या त्या विद्यार्थ्यांनी दोन दिवसांत करून दिली. मजुरीविषयी विचारता ते हसून म्हणाले, "गुरुजी, शब्दरूपांचे देणे अजून फिटायचे आहे." आम्ही आग्रहाने मजुरी दिलीच, परंतु ज्यास आम्ही मंदबुद्धी म्हणत होतो त्याच्यापुढे बसून धडा घेताना आमची मान खाली गेली होती, हे लपविण्यात अर्थ नाही.

त्याच आठवड्यात आम्ही सर्वजण पुन्हा वाईस जाऊन आलो. परत आल्यावर सौभाग्यवतींनी गाडीतून उतरण्यापूर्वी झाकणाशी वाकून एकवार वास घेतला आणि म्हणाल्या, "आता नाही येत हो." मल्टिमीटरने ०.१ दाखविले होतेच. पण आमच्या मनाची खात्री पटली ती ह्या दुसऱ्या प्रमाणाने. घरातील कोणी "वास येतो" म्हणाले, तर वाचकहो, नुसता फ्यूज पाहून उत्तर देऊ नका.