चौकोन कोणाचे हित पाहतो?

धाम नदीच्या काठी, पवनारला, विनोबाजींचा परमधाम आश्रम आहे. स्वावलंबी ग्रामजीवनाचा विचार येथे जोपासला गेला. त्याच वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. परंतु दूरच्या शहरातील गृहिणीने हातातले पाकीट वायगावचेच आहे, हे कशावरून ओळखावे? आठवडी बाजारात पिकवणारा समोर उभा असतो आणि त्याच्या शब्दाला पत असते. शहरातील दुकानात तो नसतो. ही उणीव पाकिटावरचा काळा-पांढरा चौकोन, म्हणजेच क्यूआर कोड, काही अंशी भरून काढू शकतो.

१९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी हे तंत्र जन्मले. आज ते जाहिरातीचे साधन झाले आहे. मात्र त्याचा वापर दोन प्रकारे होतो. एक चौकोन ग्राहकाला मालाची माहिती देतो. दुसरा सवलतीचे आमिष दाखवून ग्राहकाचीच माहिती विक्रेत्याला देतो. दुकानात मोबाइल धरला, की आधी नाव, क्रमांक, जन्मतारीख विचारली जाते. मालाविषयी मात्र अवाक्षर नसते!

पहिला मार्ग अव्यवहार्य आहे, असे कोणी म्हणू नये. महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड बंधनकारक केला. तो टिपताच प्रकल्पाची नोंदणी व तपशील समोर येतो. त्याच दिवसापासून केंद्र शासनाने तीनशे प्रमुख औषधांच्या वेष्टनांवर असा कोड किंवा बारकोड अनिवार्य केला. २०२३ च्याच डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ग्राहकाच्या संमतीचे महत्त्वही मान्य केले आहे.

१९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची उभारणी केली, ती ग्राहक जागा व संघटित व्हावा म्हणून. ते कार्य आता मोबाइलच्या पडद्यापर्यंत नेले पाहिजे. बचत गटांनी आणि शेतकरी उत्पादकांनी आपल्या पाकिटावरील कोडमध्ये गाव, हंगाम, पिकवणाऱ्या गटाचे नाव आणि तपासणीचा दाखला द्यावा. जो विक्रेता स्वतःविषयी काही न सांगता आपला क्रमांक मागतो, त्याला कुटुंबातील प्रत्येकाने ठामपणे नकार द्यावा. हा नकार नोंदवणे हेही ग्राहकधर्माचेच पालन होय.