दुधाला राज्य कोणते?

निपाणी-चिकोडीकडच्या खेड्यांत पहाटेची किटली दोन वाटांनी जाते. कुणी कर्नाटकाच्या दूध महासंघाला जोडलेल्या संस्थेत दूध घालतो, कुणी कोल्हापूरकडे टँकर धाडणाऱ्या संकलन केंद्रावर. गोठा शेजारी-शेजारी, वैरण एकाच शिवारातली. पहिल्याला कर्नाटक सरकार लिटरमागे अनुदान देते. २००८ साली ते २ रुपये होते, २०१६ पासून ५ झाले. दुसऱ्याला छदामही नाही! कारण त्याचे दूध 'परक्या' संस्थेत गेले.

मग महाराष्ट्राने तरी द्यावे? २०२४ च्या जानेवारीत महाराष्ट्राने लिटरला ५ रुपये जाहीर केले, तेही आपल्या राज्यातल्या उत्पादकांना आणि फक्त गायीच्या दुधाला. आमच्याकडे दावणीला म्हैस. म्हणजे इथे संस्था आडवी येते, तिथे राज्य आणि जनावर दोन्ही!

यावर बेंगळुरूचे उत्तर तयार असते: सहकार बळकट व्हावा म्हणून हे अनुदान आहे, खासगी दलालांसाठी नाही. मान्य. पण कोल्हापूरकडचा संघ दलाल आहे काय? तोही सहकारीच. त्याचा गुन्हा एवढाच, की त्याची नोंदणी १९५९ च्या कर्नाटक कायद्याखाली नसून १९६० च्या महाराष्ट्र कायद्याखाली झाली. बरे, 'बहुराज्य संस्था करा' हा सल्ला देणाऱ्यांनी कोल्हापूरकरांना विचारावे. २०१८ साली 'गोकुळ'चा तसा ठराव आला तेव्हा केवढे रान पेटले! शेवटी तो मागे घ्यावा लागला. संघ आपल्या हातून निसटेल, ही सभासदांची धास्ती काही अगदीच खोटी नव्हती.

१९९२ च्या केंद्रीय दूध आदेशाने कुणी कुठले दूध गोळा करायचे याची क्षेत्रे आखून दिली होती. २००२ साली ते कुंपण काढले. २०११ मध्ये अन्नसुरक्षा कायदा लागू झाला आणि तो आदेशच संपला. शुद्धतेच्या मापाचेही तेच. एके काळी म्हशीच्या दुधाला महाराष्ट्रात ६ टक्के फॅट लागे, कर्नाटकात ५. एकाच म्हशीचे साडेपाच फॅटचे दूध निपाणीत शुद्ध आणि कागलात कमअस्सल! पुढे देशभर एक माप झाले. शहरातल्या गिऱ्हाइकासाठी कायदे बदलले, दूध घालणाऱ्यासाठी कुणी हात लावला नाही.

आणि हे अवघड आहे, असे कुणी सांगू नये. काळम्मावाडीच्या धरणात दूधगंगेचे पाणी अडवले तेव्हा दोन्ही राज्यांनी करार करून वाटे ठरवलेच ना? दूधगंगेचे पाणी वाटता येते, तिच्या काठचे दूध नाही?

जनावराच्या कानात आता बारा आकडी बिल्ला असतो. ती म्हैस कुठल्या गावची, कुणाची, हे त्या आकड्यावरून कळते. महाराष्ट्राने आपले अनुदान त्याच बिल्ल्याला आणि उत्पादकाच्या बँक खात्याला जोडले होते. कर्नाटकाने तेच करावे: म्हैस कर्नाटकात, मालक कर्नाटकात, दूध कुठल्याही सहकारी संस्थेत जावो, पैसे त्याच्या खात्यात. आणि त्या पहाटेच्या पावतीवर फॅट, एसएनएफ आणि कपात किती, हे घालणाऱ्या बाईला वाचता येईल अशा भाषेत छापणे दोन्हीकडच्या संस्थांना कायद्याने बांधील करावे. कन्नड असो, मराठी असो. आमचा हट्ट वाचता येण्याचा आहे.

बेळगावात सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन भरते, तेव्हा दोन्ही भाषांचे आमदार सीमेवर तावातावाने बोलतात. त्यातला अर्धा तास त्यांनी या किटलीला द्यावा.