चातुर्मासात घरोघरी एक पुस्तक



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला जाण्याचा योग आला. त्यातला एक दिवस मडगावजवळच्या रायतूरसाठी मुद्दाम राखून ठेवला होता. तेथे जेझुइट पाद्र्यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी उभारलेली धर्मपाठशाळा आहे. आत चर्च आहे, जुन्या पुस्तकांचे ग्रंथालय आहे आणि आजही तरुण मुले तेथे धर्मगुरू होण्यासाठी शिकतात.

आपण मराठी मंडळींनी तेथे काय पाहायचे, असे कोणी विचारील. याच रायतूरला १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, भाषा मराठी आणि लिपी रोमन! १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या परक्या माणसाने आपली भाषा इतकी आपलीशी केली. माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, मराठी घरात बोलण्यापुरतीच राहिली. तेथे उभी असताना मनातून ओशाळले, हे कबूल करते.

त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मानही काढले. तरी ग्रंथ टिकला, तो हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींमुळे. गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत तो उपवासकाळात म्हटला जाई. १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी हस्तलिखितांवरून मंगळूरलाच तो पुन्हा छापला. म्हणजे गाव सोडून दूर गेलेल्यांनीही तो सांभाळला.

आपणही दूर आलेलेच. हबीबगंज स्टेशनची पाटी २०२१ मध्ये बदलली, तरी आपल्या तोंडी हबीबगंजच आहे. जे रोज तोंडी असते तेच टिकते. आपल्या शाळेच्या मराठी कपाटातून मात्र गेल्या वर्षी मोजून चार पुस्तके बाहेर गेली. दोष मुलांचा नाही. कपाटाची किल्ली माझ्या टेबलाच्या खणात होती.

काही पालक म्हणतात, "मराठी वाचून मार्क थोडेच वाढणार?" नाही वाढणार. पण आजीने लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी नातवाला दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते, याचे आपल्याला काहीच वाटू नये का?

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठासाठी नियम घालून दिला होता. उपवासकाळ सुरू होताना प्रत्येकाला एक पुस्तक द्यावे आणि त्याने ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावे. आपल्याकडेही चातुर्मासात पोथी लावण्याची रीत आहेच. म्हणून येत्या आषाढी एकादशीला शाळेतून प्रत्येक घरी एक मराठी पुस्तक येईल. मुलांनी रोज दोन पाने मोठ्याने वाचावीत, आजी-आजोबांनी ऐकावीत, अडेल तेथे सांगावे. कार्तिकी एकादशीला पुस्तक परत करावे.

पाने थोडी मळली, कोपरे दुमडले तरी चालेल. कोरे पुस्तक परत आले, तर मात्र मला वाईट वाटेल.

आपली,
मुख्याध्यापिका