छप्पर उडाले, पंचनामा तरी उडू देऊ नका

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबागच्या दक्षिणेस येऊन धडकले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाचे वारे घेऊन आलेल्या या वादळाने श्रीवर्धन, म्हसळा, मुरुडपासून रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली, मंडणगडपर्यंत हजारो घरांची कौले आणि पत्रे उडवून नेले. ज्या मंडणगड तालुक्यात बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आहे, तोच हा तालुका. तेव्हा कोरोनाचा लॉकडाऊन होता. मुंबईतील चाकरमान्यांच्या हाताला काम नव्हते, गावाकडे पैसे कोठून पाठविणार? वीज कित्येक दिवस नव्हती, फोन लागत नव्हते, आणि मृग नक्षत्र उंबरठ्यावर आले होते. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्याला घासून गेले आणि काहींचे नुकतेच घातलेले पत्रे पुन्हा उडाले.

हे सर्व आज सांगण्याचे कारण असे की, वादळ गेल्यावर काय करावे हे आपल्या वाड्या-वस्त्यांना कोणी सांगत नाही. सरकार वादळापूर्वी सावधगिरीच्या सूचना देते. वादळानंतर मात्र मदतीचा आकडा जाहीर होतो आणि मंत्र्यांचे दौरे होतात. छप्पर गेलेल्या घरातील बाई त्या रात्री काय करते, हा प्रश्न कोणाच्याच टिपणीत नसतो.

माझ्या एका नातलग बाईंचे घर त्या वादळात उघडे पडले. शेजारच्या कोणीतरी त्यांना सांगितले, "पंचनामा झाल्याशिवाय कशाला हात लावू नका, नाहीतर मदत मिळणार नाही." त्या माउलीने हात लावला नाही. पंचनाम्याला माणूस आला तो नवव्या दिवशी. तोपर्यंत दोन पाऊस झाले होते. तांदूळ भिजला, मुलांची पुस्तके गेली, पत्र्याच्या पेटीतील जातीचा दाखला आणि रेशनकार्ड यांचा लगदा झाला. आणि पंचनाम्यात काय लिहिले? "छताचे अंशतः नुकसान." भिंती उभ्या होत्या ना!

याच्या अगदी उलटही घडते. घरातला कर्ता पुरुष त्याच संध्याकाळी ओल्या पत्र्यावर चढतो, रात्रीपर्यंत जमेल तसे झाकून घेतो, तुटलेले पत्रे भंगारवाल्याला देऊन टाकतो. मग आठ दिवसांनी साहेब येतात आणि म्हणतात, "तुमचे घर तर चांगले दिसते आहे." पहिल्याचे छप्पर गेले, दुसऱ्याचा पुरावा गेला. आपल्या माणसाला या दोन्हींतून वाचायचे आहे. ते अवघड नाही, पण आधीपासून ठाऊक असले पाहिजे.

पहिली गोष्ट जिवाची. वारा थांबला म्हणून लगेच वर चढू नये. आधी घराचा मेन स्विच बंद करावा. खांबावरून घरात येणारी वायर तुटून पत्र्यावर पडली असेल, तर त्या पत्र्यालाच काय, त्याखालच्या ओल्या भिंतीलाही हात लावू नये. महावितरणचा माणूस येईपर्यंत मुलांना आणि गुरांना तेथून दूर ठेवावे. भिंतीला नवीन भेग गेली आहे काय, आढे सरकले आहे काय, वासे भिंतीवर नीट टेकलेले आहेत काय, हे खालूनच पाहावे. मातीची भिंत भिजली की वरून शाबूत दिसते आणि रात्री बसते. अशा घरात छप्पर गेलेले असो वा नसो, त्या रात्री झोपू नये. शाळा आहे, विहार आहे, समाजमंदिर आहे. तेथे जाण्यात कमीपणा नाही.

सिमेंटच्या पत्र्याबद्दल विशेष सांगायचे आहे, कारण आपल्या वस्त्यांत तोच जास्त आहे. स्वस्त पडतो आणि टिनाइतका तापत नाही, म्हणून आपण तो घातला. परंतु हा पत्रा माणसाचा भार पेलत नाही. वरून जाड आणि मजबूत दिसतो, पाय ठेवला की फुटतो आणि माणूस थेट खाली. वर जायचेच असेल तर दोन वाशांवर टेकेल अशी लांब फळी टाकावी आणि तिच्यावरूनच चालावे. खाली शिडी धरायला माणूस असावा. एकट्याने चढू नये, ओल्यात चढू नये, आणि वय झालेल्या वडिलांना तर मुळीच चढू देऊ नये. आपल्याकडे तेच आधी चढतात.

दुसरे असे की, या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते. पत्रा अखंड असेपर्यंत ते आत बांधलेले राहते. तुटला, कापला, घासला की त्याची डोळ्यांना न दिसणारी तंतुमय धूळ छातीत जाते आणि वीस-तीस वर्षांनी फुप्फुसाचे रोग, कर्करोग होतात. साठाहून अधिक देशांनी ते बंद केले आहे. आपल्याकडे त्याच्या खाणी थांबल्या, पण बाहेरून आणून पत्रे करणे थांबले नाही. ज्यांच्या घरावर स्लॅब आहे, त्यांना याची घाई नाही, हे उघड आहे. तेव्हा तुटलेले तुकडे आधी पाण्याने भिजवावेत, मगच उचलावेत. नाका-तोंडावर ओले फडके बांधावे. त्याने पूर्ण बचाव होत नाही, म्हणून भिजविणे सोडू नये. कोरड्या झाडूने झाडू नये, करवत लावू नये. आणि अंगणात चिखल होतो म्हणून ते तुकडे ठेचून वाटेवर पसरण्याची जी पद्धत आहे, ती तर कायमची बंद करावी. त्याच वाटेवर आपली लेकरे खेळतात.

आता कागदाकडे वळू. छपराला हात लावण्यापूर्वी फोटो काढावेत. आता प्रत्येक वाडीत कोणाकडे तरी मोबाइल असतोच. नुसत्या भोकाचा फोटो काढून उपयोग नाही. घराचा दर्शनी भाग आणि दारावरचा घरनंबर दिसावा, घरातला माणूस उभा दिसावा, आतून वर आकाश दिसावे, भिजलेले धान्य आणि अंथरूण दिसावे. किती पत्रे होते, किती गेले, किती फुटले, किती वासे मोडले, हे वहीच्या कागदावर तारीख घालून लिहावे आणि शेजारच्या दोघांच्या सह्या घ्याव्यात. त्याच दिवशी ग्रामपंचायतीत साधा अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. एवढे झाले की ताडपत्री टाकायला कोणाच्या परवानगीची वाट पाहू नये. पाऊस पंचनाम्यासाठी थांबत नाही. फुटलेली कौले आणि वाकलेले पत्रे मात्र घराच्या मागे रचून ठेवावेत, पंचनामा होईपर्यंत विकू नयेत.

ताडपत्रीही नुसती पसरून वर दगड ठेवण्यात अर्थ नाही. पुढच्या वाऱ्यात ताडपत्री जाते आणि दगड कोणाच्या तरी डोक्यात बसतो. ती मोभाच्या पलीकडे उतरवून दोन्ही बाजूंना बांबूला गुंडाळावी आणि बांबू खाली वाशांना बांधावा.

पंचनाम्याला तलाठी येतात, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. सोबत ग्रामसेवक असतात, त्यांचेही नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे. नावे बदलली, पण गाडी आधी कोणत्या आळीत थांबते ते बदलले आहे काय? बौद्धवाडी, आदिवासीवाडी ही गावाच्या टोकाला. तेथे पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते आणि मग एका जागी उभे राहून, "इकडची सगळी घरे अंशतः" असे लिहिले जाते. पंच म्हणून सह्या करणारेही बहुधा वरच्या आळीतलेच. म्हणून वाडीने आधीच ठरवावे की आपल्या घरांच्या पंचनाम्याला पंच आपल्यातले असतील, आणि त्यांत एक तरी बाई असेल. घरात काय भिजले हे बाईला जेवढे ठाऊक असते तेवढे पुरुषाला नसते. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवायला सांगावे. शिकलेल्या पोरांनी अशा वेळी क्रिकेट सोडून घरोघर फिरावे, हे त्यांचे काम आहे.

"अंशतः" या एका शब्दावर एवढे का बोलतो आहे? कारण सगळा पैसा त्या शब्दावर ठरतो. केंद्राने २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरविलेल्या निकषांत पूर्णतः नष्ट झालेल्या किंवा तीव्र नुकसान झालेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये आहेत. किमान १५ टक्के अंशतः नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६ हजार ५००, कच्च्या घराला ४ हजार, आणि झोपडीला ८ हजार. निसर्गच्या वेळी राज्य सरकारने आपल्या पदरची भर घालून पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख आणि काही प्रमाणात पडझड झालेल्या पक्क्या घराला १५ हजार केले होते. ते बरे केले. पण ती त्या वादळापुरती वाढ होती, निकष बदलले नव्हते.

आता सांगा, ज्या घराच्या चारही भिंती उभ्या आहेत आणि वर आकाश आहे, ते घर अंशतः पडले की पूर्ण? ऐन जूनमध्ये कोकणात छपराविना घर म्हणजे काय असते, हे निकष लिहिणाऱ्यांना कळत नसेल तर त्यांनी एक रात्र तेथे काढावी. साडेसहा हजारांत किती पत्रे येतात, हे कोणत्याही दुकानात जाऊन विचारावे. आणि वादळानंतरच्या आठवड्यात विचारावे, जेव्हा पत्रे मिळेनासे होतात आणि भाव चढतात. निकषांत "तीव्र नुकसान" हा शब्द आहेच. संपूर्ण छप्पर गेलेले घर त्या शब्दात बसले पाहिजे, ही मागणी आपल्या संघटनांनी धरून ठेवली पाहिजे. तोपर्यंत घरधन्याने एवढे तरी करावे की पंचनाम्यात "छताचे नुकसान" एवढेच न लिहू देता "संपूर्ण छप्पर उडाले, इतके पत्रे, इतके वासे" असे आकड्यांत लिहून घ्यावे. आकडा लिहिला की त्याला नंतर छोटे करणे कठीण जाते.

पंचनाम्याची प्रत मागावी. दिली नाही तर माहिती अधिकारात मागावी. कायदा २००५ चा आहे, अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील माणसाला तेही नाहीत, आणि उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. आपल्या घराचे नाव यादीत नाही, हे मदत वाटून झाल्यावर कळून काही उपयोग नसतो. यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, असा आग्रह पहिल्या दिवसापासून धरावा.

याहून खोल दुखणे निराळेच आहे. त्याच निकषांत अशीही अट आहे की, नुकसान झालेले घर अधिकृत बांधकाम असले पाहिजे आणि तसे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केले पाहिजे. गावठाणात ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जागाच दिली नाही, ज्यांनी गायरानावर, नदीकाठी, डोंगराच्या उतारावर घर बांधले, त्यांनी अधिकृत कागद आणायचा कोठून? आधी जागा द्यायची नाही, मग बेकायदा ठरवायचे आणि वादळ आले की बेकायदा म्हणून वगळायचे! वाऱ्याने छप्पर उचलताना सातबारा पाहिलेला नसतो. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, ते पायाखालच्या या जमिनीसाठीच. पायाखालची जमीन आणि डोक्यावरचे छप्पर हे दोन प्रश्न नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. ज्यांना रमाई आवास योजनेचे घरकूल मिळू शकते, त्यांचेही अर्ज जागेच्या कागदावरच अडतात.

नवे छप्पर घालताना जुनी चूक पुन्हा घालू नये. वारा छपराला वरून दाबून मोडत नाही, तो त्याला उचलतो. कडेला, कोपऱ्यात आणि मोभाशी त्याची ओढ सर्वांत जास्त असते. शिवाय दार-खिडकी उघडी पडली की आत शिरलेला वारा खालून ढकलतो. म्हणून नुसत्या खिळ्यांवर पत्रा राहत नाही. जे हूक आणि वायसर वापरावेत, तेही पत्र्याच्या उंचवट्यावर, खोलगट भागात नव्हे, नाहीतर तेथूनच गळते. मधल्यापेक्षा कडेच्या ओळीत हूक जवळजवळ घ्यावेत. भिंतीबाहेर छप्पर फार लांब काढू नये. पडवी हवी असेल तर तिचे छप्पर वेगळे करावे, म्हणजे गेले तर तेवढेच जाईल. कौलांचे घर असेल तर कडेच्या दोन-तीन ओळी तारेने रिपांना बांधाव्यात. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, वासे भिंतीशी बांधलेले हवेत. लोखंडी पट्टी किंवा जाड तार भिंतीत खोल घेऊन वाशाला आवळावी. पत्रा वाशाला घट्ट आणि वासा भिंतीवर मोकळा, अशी आपली बहुतेक घरे असतात. मग वारा पत्रे, वासे सगळेच एकत्र उचलून शेजारच्या शेतात टाकतो. गवंड्याला हे सांगावे लागते. तो आपणहून करीत नाही, कारण त्यात त्याचा अर्धा दिवस जातो.

महत्त्वाचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून एका डब्यात ठेवावेत, आणि त्यांचे फोटो मुंबईला असलेल्या मुलाच्या मोबाइलवरही असावेत. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये आहे काय, ती कोणाच्या नावाने आहे, हे आजच पाहून घ्यावे. कित्येक घरे अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर आहेत आणि मदतीचा पैसा त्या नावापाशी अडतो. त्या नोंदीने जमिनीची मालकी सिद्ध होत नाही, पण घर होते आणि त्यात कोण राहत होते, हे सांगणारा तो पहिला कागद आहे. १ मे रोजीची ग्रामसभा पावसाळ्याच्या तोंडावर येते. राहिलेल्या घरांच्या नोंदी आणि वारसांची नावे लावण्याचा विषय वाडीतील सर्वांच्या सह्यांनिशी त्या सभेपूर्वी लेखी द्यावा, आणि त्याचीही पोच घ्यावी.