एक न विचारण्याजोगा प्रश्न

माझ्या धाकट्या मुलीचा पहिला गर्भ पाचव्या महिन्यात गेला, तेव्हा समाचाराला आलेल्या बायकांपैकी बहुतेकींनी डोळ्यांना पदर लावता लावता एकच प्रश्न विचारला: "काही जड उचललं होतंस का गं?" विचारणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नव्हता, परंतु जिना चढलीस, प्रवास केलास, ग्रहणात विळी हाती धरलीस, म्हणजे झाल्या गोष्टीचे कारण तुझ्याच वागण्यात कोठे तरी दडलेले आहे, हा त्या प्रश्नातला अर्थ तिला पुरता उमगत होता. पुढच्या खेपेस तिच्या गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला गेला, कार्डावर अतिजोखमीची नोंद झाली, आणि नंतरचे सारे महिने आमच्या घराने दिवस मोजीत काढले. त्या काळात माझे मत असे ठाम झाले की, डॉक्टरांनी जी अनिश्चितता स्पष्ट शब्दांत सांगितलेली नसते, तिची जागा घरात दोषारोप घेतो, आणि तो दोष नेहमी गर्भवतीच्याच पदरी पडतो.

हा टाका ज्यांच्या नावाने जगभर ओळखला जातो, ते डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर १८९९ साली गोव्यात जन्मले. मधल्या महिन्यांत वारंवार गर्भ गमावणाऱ्या स्त्रियांच्या गर्भपिशवीचे तोंड मांडीतून घेतलेल्या पातळ, चिवट पट्टीने आवळण्याची शस्त्रक्रिया त्यांनी मुंबईत काम करीत असताना विकसित केली व १९५५ साली प्रसिद्ध केली. जी आपत्ती तोवर बाईच्या नशिबाच्या खाती जमा होत असे, तिच्या एका कारणाला या शस्त्रक्रियेने देहातली नेमकी जागा दाखवून दिली, हे तिचे मला फार मोठे मोल वाटते. तथापि टाका म्हणजे हमी नव्हे. साधारण छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात तो काढला जाईपर्यंत कळ आली वा पाणी गेल्याची शंका आली, तर अपरात्रीही दवाखाना गाठावाच लागतो.

इतर जोखमींचेही असेच आहे. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार खाली दिसली, तरी बहुतेकींची ती दिवस भरेपर्यंत वर सरकते. कोणाची सरकणार नाही, हे त्या दिवशी छातीठोकपणे सांगता येत नाही. रक्तदाब १४०/९० वर गेला, तर तो तेथेच थांबेल की आणखी चढेल, याचा उलगडा पुढच्या तपासण्यांतच होतो. पहिल्या तीन महिन्यांतील गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांच्या मुळाशी गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष असतो, आणि त्याचा आईने उचललेल्या घागरीशी काडीचाही संबंध नसतो. सक्तीने अंथरुणाला खिळून राहिल्याने अकाली प्रसूती टळते, असेही सिद्ध झालेले नाही. उलट पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका त्यामुळे वाढतो. शास्त्राला ठाऊक असलेल्या या गोष्टी तपासणीच्या खोलीतून घराच्या माजघरापर्यंत मात्र क्वचितच पोहोचतात.

"काळजी करू नका, सगळं ठीक होईल," असे आम्हाला प्रथम सांगण्यात आले. बाहेर ताटकळणाऱ्या बायकांची रांग पाहता डॉक्टरांना अधिक बोलण्याची सवड नव्हती, हे मला मान्य आहे. घाबरलेल्या बाईला आणखी घाबरवू नये, हा हेतूही मी जाणते. परंतु भीती मौनाने ओसरत नाही. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी मुलीला, जावयाला आणि मला समोर बसवून आज काय निश्चित आहे, काय नाही, ते कधी कळेल आणि तोवर कोणती लक्षणे दिसताच निघायचे, एवढे चारच मुद्दे कागदावर लिहून दिले. आणि भविष्य जसेच्या तसे अज्ञात असूनही त्या रात्री माझी मुलगी कित्येक आठवड्यांनी शांत झोपली.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी होते, आणि जोखीम आढळल्यास कार्डावर लाल खूण केली जाते. ही तजवीज निःसंशय मोलाची आहे. पण लाल खूण धोक्याची वर्दी देते, खुलासा करीत नाही. म्हणून माझी मागणी अशी आहे की, ज्या दिवशी लाल खूण होईल त्याच दिवशी, घरातील एका जबाबदार माणसासमक्ष, वर सांगितलेले चार मुद्दे मराठीत लिहून देणे सक्तीचे व्हावे, आणि त्या बोलण्याला लागणारा वेळ औषधोपचाराचाच भाग म्हणून दप्तरी नोंदला जावा. आशाताईंनाही त्या कागदाची प्रत मिळाली, तर सासूबाईंशी बोलताना त्यांच्या शब्दाला आधार येईल.

माझा नातू आज घरभर धावतो. पण तो हाती लागला नसता, तरी माझे म्हणणे हेच राहिले असते, कारण यशाचे श्रेय वा अपयशाचा ठपका यांचा या मागणीशी संबंध नाही. सातव्या महिन्यात ओटी भरायला आलेल्या एका शेजारणीने मुलीला फक्त एवढेच विचारले, "आज किती आठवडे झाले गं?" मुलीने "एकोणतीस" असे उत्तर दिले, आणि तिचा चेहरा उजळला, कारण इतक्या महिन्यांत जिचे उत्तर तिला खात्रीने देता येईल, अशी ती पहिलीच विचारपूस होती.