नित्याचे म्हणून उपेक्षित

हिंदी महासागरातील मॉरिशस हे बेट आकाराने लहान. त्याचे क्षेत्रफळ २,००० चौरस किलोमीटरच्या आसपास भरते. उसाचे मळे, काळ्या खडकांचे डोंगर आणि प्रवाळांनी वेढलेला किनारा पाहण्यासाठी तेथे दरवर्षी लक्षावधी प्रवासी येतात. त्यांचे कॅमेरे बहुधा निळ्या समुद्राकडे वळलेले असतात. केळीच्या पानावर ऊन खात बसलेली हिरवीगार पाल, फुलाफुलांतून किडे टिपणारा चिमुकला राखी चष्मेवाला किंवा तारेवर कलकलाट करणारी साळुंकी यांच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. ‘हे तर रोजचेच! त्याचे छायाचित्र कशाला काढावयाचे?’ असे पुष्कळांना वाटते. परंतु हा विचार योग्य नव्हे. आणि तो किती महाग पडतो, हे याच बेटाच्या इतिहासावरून दिसून येते.

१५९८ मध्ये डच खलाशी या बेटावर उतरले, तेव्हा तेथे डोडो नावाचा पक्षी राहत असे. तो कबुतरांच्या कुळातील. पण आकाराने मोठा व उडता न येणारा. खलाशांना त्याचे नवल वाटले. परंतु ते लवकरच ओसरले. माणसांनी त्याची शिकार केली, रान तोडले. आणि माणसांबरोबर आलेली डुकरे, माकडे व उंदीर यांनी त्याची जमिनीवरील अंडी खाल्ली. डोडो पाहिल्याची सर्वसाधारणपणे मान्य असलेली अखेरची नोंद १६६२ मधील आहे. अवघ्या शंभर वर्षांच्या आत एक संपूर्ण जात पृथ्वीवरून नाहीशी झाली!

आज त्या पक्ष्याचा नेमका रंग कोणता होता, तो खरोखरच इतका लठ्ठ होता काय, याविषयी विद्वानांत वाद आहेत. छायाचित्रणाची कला तेव्हा अस्तित्वातच नव्हती, आणि अनेक चित्रकारांनी प्रत्यक्ष पक्षी न पाहताच चित्रे रंगविली. अभ्यासकांना विश्वसनीय वाटणाऱ्या मोजक्या चित्रांपैकी एक जहांगीर बादशहाच्या दरबारातील मन्सूर या चित्रकाराचे मानले जाते. सतराव्या शतकात सुरतेस जिवंत डोडो आणले गेले होते, असे एका इंग्रज प्रवाशाने लिहून ठेवले आहे. समोर दिसले तसे रेखाटणारा एक हात ज्ञानाला केवढा उपकारक ठरतो, हे यावरून ध्यानात यावे.

आता तर कॅमेरा अनेकांच्या खिशातील मोबाईलमध्येच असतो. मग त्याचा उपयोग केवळ दुर्मिळ वस्तूंसाठीच का करावा? राखी चष्मेवाला मॉरिशसमध्ये बागेबागेत दिसतो. पण या बेटाबाहेर तो जगात कोठेही आढळत नाही. तेथील हिरव्या पाली फुलांतील मध चाटता चाटता परागकण वाहून नेतात. उलट, साळुंकी आणि शिपाई बुलबुल हे पक्षी आपल्या परिचयाचे असले, तरी मॉरिशसमध्ये ते माणसाने आणलेले पाहुणे आहेत. कोण वाढले, कोण घटले, कोणते झाड कोणत्या महिन्यात फुलले, हे दिनांक व स्थळ लिहिलेल्या साध्या छायाचित्रांवरून पुढील पिढ्यांना कळेल.

कोणी म्हणेल, ‘रोज असंख्य छायाचित्रे निघतात; त्यांत आणखी भर कशाला?’ हा आक्षेप अगदीच खोटा नाही. न पाहता काढलेल्या शंभर छायाचित्रांपेक्षा स्वस्थ बसून, निरखून काढलेले एकच अधिक मोलाचे असते. तसेच, छायाचित्रासाठी घरट्याजवळ जाणे, पिलांना हात लावणे किंवा प्राण्याला घाबरविणे हा निसर्गप्रेमाचा मार्ग नव्हे. चित्र हुकले तरी चालेल. जीव दुखावता कामा नये.

१९७४ मध्ये मॉरिशसच्या ससाण्याचे केवळ ४ पक्षी रानात उरल्याचे ठाऊक होते. माणसांनी वेळीच लक्ष दिले, म्हणून ती जात वाचली. डोडोच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. जे आज विपुल आहे ते उद्याही राहीलच, असा भरवसा कोणी द्यावा? म्हणून दुर्मिळ झाल्यावर शोधत फिरण्यापेक्षा, विपुल आहे तोवरच त्याच्याकडे डोळे भरून पाहावे आणि त्याची नोंद ठेवावी, हेच शहाणपणाचे होय.